मृतजन्म, एक जंतू आणि वार : इंदूरमधल्या एका प्रकरणाचा अभ्यास

भर मे महिन्यात इंदूरच्या एका खासगी प्रसूतिगृहात २६ वर्षांच्या बाईची प्रसूती झाली. ३२ आठवडे पूर्ण झाले होते आणि बाळ पोटातच गेलेलं होतं. दोन दिवस हालचाल कळत नाही म्हणून ती दाखवायला आली, सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल देऊन कळा आणल्या. पाणमोट फुटल्यापासून बाळ बाहेर यायला सुमारे १४ तास लागले. हे १४ तास पुढे महत्त्वाचे ठरले, म्हणून इथेच नोंदवते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, वैद्यकीय धागा तसाच आहे.

पहिलंच बाळंतपण. सासर आणि माहेर दोन्ही इंदूरचीच, होळकरांच्या काळात नोकरीसाठी इकडे आलेली मराठी घरं. रक्तदाब ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी. ११व्या आठवड्यात व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्तचाचणी 'नॉन-रिॲक्टिव्ह', म्हणजे निगेटिव्ह, एचआयव्हीही निगेटिव्ह. पाचव्या महिन्यात लघवीत जंतुसंसर्ग झाला होता, ई. कोलाय सापडला होता, औषधाने बरा झाला. २९व्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर वारेची जाडी ५.२ सेंटीमीटर लिहिलेली होती. चार सेंटीमीटरच्या वरची वार जाड समजतात. पण खाली 'बाळाची वाढ योग्य' असं ठळक अक्षरांत होतं आणि सगळ्यांनी तेवढंच वाचलं.

वार म्हणजे प्लासेंटा. मी लेखभर वारच म्हणणार आहे, कारण आमच्या सुईणींपासून सिस्टरांपर्यंत सगळे तेच म्हणतात.

टॉर्चचा कागद

पॅथॉलॉजिस्ट म्हणून मला फोन येईपर्यंत घरच्यांच्या हातात टॉर्च पॅनलचा, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट होता. सायटोमेगालोव्हायरस आयजीजी पॉझिटिव्ह, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह. नात्यातल्या एका डॉक्टरांनी फोनवरच सांगून टाकलं होतं की हेच कारण, आता आणखी काही करायची गरज नाही.

आपल्याकडे गर्भ गेला की हा कागद हमखास काढला जातो आणि घरच्यांचे बरेच पैसे त्यात जातात. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की तो आजार कधीतरी होऊन गेला किंवा लस मिळालेली आहे. भारतातल्या बहुसंख्य प्रौढ बायकांच्या रक्तात सायटोमेगालोव्हायरसचं आयजीजी असतंच, ज्यांची मुलं धडधाकट आहेत त्यांच्याही. त्यावरून मृत्यूचं कारण ठरवणं म्हणजे त्या आईच्या डोक्यावर आयुष्यभराचा चुकीचा दगड ठेवणं. आणखी एक गोष्ट मला फार खटकते. बाजारात विकल्या जाणाऱ्या या पॅनलमध्ये साधारणपणे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगालोव्हायरस आणि हर्पिस एवढंच असतं. गर्भाचा जीव घेणारा आणि पूर्णपणे बरा होऊ शकणारा उपदंश, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा सिफिलिस, त्यात नसतो.

परवानगी

वार वाचली ती एका सिस्टरमुळे. प्रसूतीनंतर वार पिवळ्या पिशवीत जाते, जैववैद्यकीय कचऱ्याचा नियमच तसा आहे. या सिस्टरने ती स्वच्छ स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवली आणि मग डॉक्टरांना विचारलं, "पॅथॉलॉजीला द्यायची का?" तिने फॉर्मलिन ओतलं नाही, हेही तिचे उपकार. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या वारेचं कल्चर होत नाही, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखता येत नाहीत. बाळालाही तिने चार अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायला सांगितलं, बर्फात घालू दिलं नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नीट वाचता येत नाहीत.

घरच्यांशी बोलायला मी वर गेले तेव्हा सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, ही पोलीस केस आहे का?" पोस्टमॉर्टेम या शब्दाबरोबर लोकांच्या मनात पोलीस, पंचनामा आणि शवागाराबाहेरची रांग येते. मी त्यांना सांगितलं की इथे पोलिसांचा संबंध नाही. आईवडिलांनी हो म्हटलं तरच तपासणी होते, जेवढ्याला हो म्हणाल तेवढीच होते, आणि नाही म्हणालात तर उपचारात किंवा कागदपत्रांत काहीही फरक पडणार नाही.

सासूबाई गप्प होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लहान बाळाला आपण मातीत ठेवतो. त्याला तसं कापून कसं द्यायचं मातीला?" या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "काकू, चीर समोरून, अंगावर असते. ती शिवून, पुसून, कपडे घालून बाळ तुमच्या हातात देऊ. चेहऱ्याला हात लावत नाही." त्यांनी घरून झबलं आणायला सांगितलं. ते होकाराच्या जवळचं होतं, पण होकार नव्हता.

मी पर्याय सांगितले. फक्त वार. वार, बाहेरून पाहणी आणि एक्स-रे. सुईने अवयवांचे बारीक तुकडे घेणं. किंवा पूर्ण शवविच्छेदन. सुईच्या पद्धतीत शरीर उघडावं लागत नाही. कर्नाटकात दावणगेरेला आणि पाकिस्तानात कराचीला मृतजन्मांच्या मोठ्या अभ्यासात ती वापरली गेली आहे आणि संसर्ग शोधायला ती चांगली चालते. आमच्याकडे त्या सुया आणि तो सराव नव्हता, म्हणून आग्रह धरला नाही.

निर्णय त्या मुलीने घेतला. खाटेवरूनच म्हणाली, "पुढच्या वेळीही असंच झालं तर? मला कळायला हवं." नवऱ्याने सही केली होती. मी तिचीही वेगळी सही घेतली. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी शरीर तिचं आणि बाळ तिचं, तेव्हा तिला कोणी वगळता कामा नये असं मी मानते. डोकं उघडू नये ही त्यांची अट आम्ही कागदावर लिहून पाळली. त्यामुळे मेंदूबद्दल या अहवालात काही नाही.

टेबलावर

मुलगा. वजन १,७४० ग्रॅम, ३२ आठवड्यांना साजेसं. कातडी पाठीवर, पोटावर आणि चेहऱ्यावर सुटलेली, नाळ तपकिरी-लाल. बाळ गेल्यावर नाळेचा रंग साधारण सहा तासांत बदलू लागतो, चेहऱ्यावरची नि पोटावरची कातडी सुटायला १२ तास तरी लागतात, आणि सुकून आकसायला दोन आठवडे. इथे आकसणं नव्हतं. म्हणजे मृत्यूला दोन-तीन दिवस झाले असावेत. आईने सांगितलेलं बरोबर होतं. तळहात आणि तळपायांची कातडीही सुटलेली होती. उपदंशात तिथे फोड येतात खरे, पण भिजून सुटलेली कातडी आणि ते फोड नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढता येत नाहीत, म्हणून त्यावर काहीच बांधलं नाही.

पोट फुगलेलं होतं. उघडण्याआधी पूर्ण शरीराचा एक्स-रे काढला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांशी फिकट, वेडेवाकडे पट्टे दिसले. पोटात बाळ दीर्घकाळ आजारी असलं तर असे पट्टे इतर कारणांनीही येतात. पण दोन्ही बाजूंना सारखे होते, म्हणून मनात एक खूण राहिली.

संसर्गाचा तपास करायचा तर क्रम फार महत्त्वाचा. आधी जंतूंसाठीचे नमुने, मग बाकी सगळं. हात लागले, पाणी लागलं की नमुना गेला. हृदयातलं रक्त निर्जंतुक सुईने काढलं. फुफ्फुसाचा पृष्ठभाग तापलेल्या पात्याने भाजून घेऊन आतून स्वॅब घेतला, प्लीहेचा घेतला. वारेचं वरचं पातळ आवरण सोलून त्याच्या खालून स्वॅब घेतला, कारण वरचा पृष्ठभाग योनिमार्गातून येताना तिथल्या जंतूंनी माखलेला असतो. वारेचे आणि यकृताचे छोटे तुकडे पुढे पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) लागलं तर म्हणून गोठवून ठेवले.

यकृत वयाच्या मानाने दुपटीहून मोठं आणि हाताला घट्ट. प्लीहाही मोठी. जन्मजात व्यंग कुठेही नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक उभं चिरलं. निरोगी बाळात हाड आणि कूर्चा यांच्यामधली रेघ बारीक आणि सरळ असते. इथे ती जाड, पिवळसर आणि करवतीसारखी दातेरी होती. जुन्या पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतून हे चित्र आहे, प्रत्यक्षात क्वचितच दिसतं, कारण हल्ली ते हाड कोणी चिरत नाही. चिरायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

वारेचं वजन ६१० ग्रॅम. या महिन्यांत ती साधारण सव्वातीनशे ग्रॅमची असते. फिकट, जाड, ओलसर.

संध्याकाळच्या आत बाळ झबल्यात गुंडाळून घरच्यांच्या हातात दिलं.

ई. कोलाय

तिसऱ्या दिवशी कल्चर आलं. फुफ्फुस आणि वार, दोन्हींत ई. कोलाय. हृदयाच्या रक्तात काही नाही. प्रसूतितज्ज्ञांचा फोन आला, आवाजात सुटका होती. पाचव्या महिन्यात लघवीत हाच जंतू होता, तो वर चढला, बाळ गेलं, गोष्ट जुळते. टॉर्चपेक्षा हे कितीतरी पटण्यासारखं होतं. ई. कोलाय हे जगभर मृतजन्माच्या संसर्गजन्य कारणांत पहिल्या काहींपैकी एक आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

पण जंतू सापडणं आणि त्या जंतूने जीव घेणं यांच्यामध्ये एक पायरी आहे, आणि आपले बहुतेक तपास ती गाळतात. जंतू खालून वर चढून बाळाला मारत असेल तर आधी आईच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वारेच्या पडद्यांत धावून येतात. मग बाळाच्या स्वतःच्या पेशी नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतात. बाळ दूषित गर्भजल गिळतं, फुफ्फुसात ओढतं, म्हणून जठरात आणि हवेच्या पिशव्यांत पू दिसतो. यात कळीचा फरक असा की बाळाचं हृदय थांबल्यावर बाळाकडून काही येत नाही. आईच्या पेशी मात्र बाळ गेल्यावरही येत राहतात. म्हणून पडद्यांत थोड्या न्यूट्रोफिल दिसल्या तर त्या मृत्यूनंतरच्या असू शकतात. नाळेतली बाळाची प्रतिक्रिया ही त्याच्या जिवंतपणीचीच असते.

इथे जठर स्वच्छ, हवेच्या पिशव्या स्वच्छ. पडद्यांत एका कोपऱ्यात जेमतेम न्यूट्रोफिल. पाणमोट फुटल्यानंतरचे ते १४ तास आठवा. ई. कोलाय तेव्हा शिरला, बाळ गेल्यानंतर.

काचपट्ट्या

बाळ असं भिजलेलं असलं की पुष्कळ डॉक्टर शवविच्छेदनाचा नाद सोडतात, आता काय दिसणार म्हणून. बाळाच्या अवयवांबद्दल ते थोडंफार खरं आहे. मूत्रपिंडाच्या नलिकांतली पेशीकेंद्रं काही तासांत पुसट होतात, यकृतातली दिवसभरात. पण वार आईच्या रक्तावर जगते. बाळ गेल्यावरही ती बाहेर पडेपर्यंत तिच्या पेशी बऱ्याच अंशी टिकून असतात, आणि जिवंतपणी काय चाललं होतं त्याची नोंद तिच्यात राहते. माझ्या कामात एकच गोष्ट निवडायची वेळ आली तर मी वार मागेन.

वारेच्या बोटांसारख्या शाखा, ज्यांना विलाय म्हणतात, फुगलेल्या होत्या आणि पेशींनी गच्च भरलेल्या. त्यांच्यातल्या छोट्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन पोकळी अरुंद झालेली. मधूनमधून दाह, त्यात प्लाझ्मा पेशी. नाळेत रक्तवाहिन्यांभोवती एकाभोवती एक अशी मेलेल्या पेशींची कडी, काही ठिकाणी चुना जमलेला. असा चुना दिवसात बसत नाही. हा दाह बरेच दिवस, बहुधा आठवडे चाललेला होता. आणि ती बाळाची प्रतिक्रिया होती.

बाकीच्या शक्यता एकेक पाहिल्या. सायटोमेगालोव्हायरसच्या घुबडाच्या डोळ्यांसारख्या पेशी नाहीत. पार्व्होव्हायरस बी-१९ मध्ये बाळाच्या लाल पेशींच्या केंद्रात जे फिकट गोळे दिसतात ते नाहीत. लिस्टेरियाचे बारीक गळू नाहीत. मलेरियाचा तपकिरी कण नाही. यकृतात मात्र पेशींभोवती तंतू विणलेले होते.

वॉर्थिन-स्टॅरी हा चांदीचा रंग दिल्यावर यकृतात आणि नाळेत मळसूत्रासारखे वळणदार काळे जंतू भरपूर दिसले. या रंगावर एकट्यावर मी सही करत नाही. चांदी ऊतीतल्या बारीक तंतूंनाही रंगवते आणि उत्सुक डोळ्याला तंतूही वळणदार दिसतात. म्हणून ऊतींचे ब्लॉक दुसऱ्या शहरात इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी, म्हणजे प्रतिपिंडं वापरून नेमका जंतू ओळखण्यासाठी, पाठवले, गोठवलेल्या तुकड्याचं पीसीआर केलं. दोन्हींत ट्रेपोनेमा पॅलिडम, उपदंशाचा जंतू. हाडाची दातेरी रेघ, मोठं यकृत, जाड वार, सगळं आता जुळलं. उपदंश.

मग तो नॉन-रिॲक्टिव्ह रिपोर्ट?

आईचं रक्त पुन्हा घेतलं. व्हीडीआरएल परत नॉन-रिॲक्टिव्ह. क्षणभर सगळंच डळमळलं. पण मी प्रयोगशाळेला रक्तद्रव पातळ करून पुन्हा करायला सांगितलं. १:८ ला, म्हणजे आठपट पातळ केल्यावर, गुठळ्या दिसू लागल्या आणि १:२५६ पर्यंत दिसत राहिल्या. टीपीएचए ही उपदंशाची खात्रीची चाचणीही पॉझिटिव्ह.

याला प्रोझोन म्हणतात. व्हीडीआरएलमध्ये चाचणीतले प्रतिजनाचे कण आणि रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) एकमेकांत अडकून गुठळी झाली तर चाचणी पॉझिटिव्ह. एका प्रतिपिंडाने दोन कण धरले तर जाळं विणलं जातं. प्रतिपिंडं अफाट असली तर प्रत्येक कणाला भरपूर प्रतिपिंडं चिकटतात, पण दोन कणांना जोडणारं कोणीच उरत नाही, गुठळी होत नाही. म्हणजे आजार जोरात असतानाच चाचणी निरोगी सांगते. हे क्वचित घडतं, पण गरोदरपणात घडल्याच्या नोंदी आहेत. पातळ करून पाहणं हा त्यावरचा साधा इलाज, आणि तो मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी होत नाही.

११व्या आठवड्यातला रिपोर्टही प्रोझोनचाच होता, की संसर्ग त्यानंतर झाला, की नुकताच झाल्यामुळे प्रतिपिंडं तयार व्हायची होती? तो नमुना केव्हाच टाकून दिलेला. नाळेतला चुना 'आठवडे' म्हणतो, तारीख सांगत नाही. मी अहवालात तिन्ही शक्यता लिहिल्या आणि एकीकडेही झुकले नाही, कारण या वाक्यावर एका संसाराचा निवाडा होऊ शकतो.

सांगणं

निकाल ऐकायला घरचे सगळे आले होते. मी आणि प्रसूतितज्ज्ञांनी फक्त तिला आत बोलावलं. सासूबाईंना वाईट वाटलं, पण त्या थांबल्या. निकाल आधी तिचा, मग तिच्या संमतीने नवऱ्याचा, आणि त्यापलीकडे कोणाचाही नाही, ही मर्यादा आम्ही शेवटपर्यंत राखली. घरी काय सांगायचं हे तिने ठरवलं: "वारेतून संसर्ग झाला होता, औषधाने बरा होतो." यात खोटं काही नाही.

तिने विचारलं, कोणाकडून? मी म्हटलं, चाचण्या ते सांगू शकत नाहीत. नवऱ्याची व्हीडीआरएल १:८, टीपीएचए पॉझिटिव्ह. या आकड्यांवरून आधी कोणाला झाला हे ठरत नाही. हा आजार कित्येक वर्षं शरीरात मुका राहतो, लग्नाआधीपासूनही असू शकतो. समुपदेशनासाठी दोघांना लैंगिक आजारांच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकला जोडून दिलं, तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे.

औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. केव्हापासून आहे ते माहीत नसल्याने दोघांना दर आठवड्याला २४ लाख युनिट, असे तीन डोस. पहिल्या इंजेक्शनच्या संध्याकाळी तिला ताप आणि हुडहुडी आली. एकदम मरणाऱ्या जंतूंमुळे येणारी ही प्रतिक्रिया दिवसभरात ओसरते. आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घरच्यांनी पुढचे डोस चुकवले नाहीत. नाहीतर इथेच उपचार सुटतात.

गरोदरपणातच हे कळलं असतं आणि बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी पेनिसिलिन मिळालं असतं, तर बाळ वाचण्याची शक्यता फार मोठी होती. हे तिने विचारलं आणि मी खरं सांगितलं. लपवून तिचं दुःख कमी झालं असतं असं मला वाटत नाही.

कागदावर

प्रसूतीच्या दिवशी फाइलवर कारण 'अज्ञात' होतं. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीत याला पी-९५ हा क्रमांक आहे, आणि आपल्या देशातले असंख्य मृतजन्म या क्रमांकाखाली कायमचे पडून राहतात. २०१४ च्या भारत नवजात कृती योजनेत २०३० पर्यंत मृतजन्मांचं प्रमाण हजारी दहाच्या खाली आणायचं ठरलं आहे. कारणच ठाऊक नसेल तर आणायचं कसं? आता फाइलवर जन्मजात उपदंश आहे. ई. कोलाय 'प्रसूतीदरम्यानचं दूषण' म्हणून खाली नोंदवला आहे.

त्या प्रसूतिगृहाने दोन बदल केले. व्हीडीआरएल पहिल्या भेटीनंतर २८व्या आठवड्यात आणि प्रसूतीच्या वेळी पुन्हा. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सगळ्या गरोदर स्त्रियांसाठी हेच तीन टप्पे सुचवले आहेत. दुसरं, वार जाड किंवा बाळाचं यकृत मोठं दिसलं तर रक्तद्रव पातळ करून व्हीडीआरएल. दोन्हींचा खर्च टॉर्च पॅनलच्या तुलनेत किरकोळ आहे.

सहा महिन्यांनी तिची व्हीडीआरएल १:३२ वर आली. चौपट घट झाली तर उपचार लागू पडला असं धरतात, इथे आठपट झाली. दोघांचीही एचआयव्ही चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा केली, निगेटिव्ह आली. पुढच्या गरोदरपणासाठी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही लिहून दिलं आहे: पहिल्याच भेटीत व्हीडीआरएल, पातळ करून, आधीच्या आकड्याशी ताडून; आकडा चौपट वाढला तर वाट न पाहता पेनिसिलिन; नवऱ्याची तपासणी सोबत; २०व्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत वार आणि यकृत मोजणे; आणि बाळ कसंही असो, वार ताजी, फॉर्मलिनशिवाय, पॅथॉलॉजीकडे.